भिंतीची आतली बाजू

पोशीबायनं भिंत सारवली तेव्हा मी तिथं नव्हतो, हे तिचं नशीब. का माझं, देव जाणे. असतो तर मी ओरडलो असतो, आन पोशीबायवर ओरडून सुखानं घरी गेलेला माणूस खोडाळ्याच्या बाजारात मला अजून भेटलेला नाय.

मी गुलाम. जव्हारला रंगाचं काम करतो. गुडघे बोलायला लागले तसा शिडीवर कमी चढतो, खालनं शिव्या जास्त देतो. पोशीबाय म्हंजे ढवळूची आई, आन ढवळू म्हंजे माझ्याच हाताखाली ब्रश धरायला शिकलेला. खोडाळ्याच्या पुढं डोंगराच्या कडेला यांचा पाडा. ढवळूचा बाप जिवंत होता तेव्हापासून माझं तिथं जाणं-येणं.

ढवळू दर साल भात झोडून झालं, दिवाळी सरली, की जगायला जातो. आमच्याकडं कामाला जातो म्हणत नाय, जगायला जातो म्हणतात. तुका मुकादम टेम्पो घेऊन येतो, माणसं भरतो, आन ठाण्याकडं नेतो. आधी ढवळू विटा पाडायचा. मंग कुणीतरी त्याला बोर्डाच्या कामावर घातला. मॉल, हापिसं, जिकडं तिकडं हल्ली बोर्डाच्याच भिंती. आत पत्र्याची चौकट उभी करायची, तिला दोन्ही अंगानं बोर्ड स्क्रूनं ठोकायचे, झाली भिंत. बोर्ड म्हंजे तरी काय, मधी दाबून बसवलेलं पांढरं पीठ आन दोन्ही बाजूला जाड कागद. वीट नाय, रेती नाय, पाणी नाय. पाण्याचं तर नावच काढायचं नाय. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

जाताना बायको वर्षा आन पोरगी योगिता पण बरोबर. म्हंजे पोरीची शाळा दिवाळीला सुटायची, आन पोरगी परत यायची ती उन्हाळ्यात, तेव्हा इकडं शाळेला सुट्टी. यंदा वर्षानं सांगून टाकलं, "मी येणार नाय. पोरीला बाराखडी येते, पाढे येत नाय. तुम्ही जा." आता एकट्यानं जायचं म्हंजे सहा-सात महिने पोरीचं तोंड बघायचं फोनवर, आन आमच्याकडचा फोन कसा, तर आंब्याच्या झाडाखाली उभं राहिलं तर लागतो, दोन पावलं सरकलं की गेला.

तेव्हाच मला अकिला भेटली. अकिला जव्हारचीच, तिच्या अब्बांचं किराण्याचं दुकान. शिरपामाळच्या अंगाला तिनं जागा घेतली आन पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. भिंती बोर्डाच्या, वरून टेक्श्चर, म्हंजे तो खरबरीत रंग, हात फिरवला तर झाडाच्या सालीसारखा लागतो. पहिली खोली कुणा बाहेरच्या माणसानं केली होती. मला बघायला नेलं. सकाळची वेळ, खिडकीतून तिरकं ऊन, आन भिंतीवर बोर्डाचा प्रत्येक सांधा उठून दिसतोय. स्क्रूचं डोकं न् डोकं दिसतंय.

"बरगड्या दिसतात चाचा," अकिला म्हणाली. "पाहुणे पलंगावर बसून फोटो काढतात आन मागं माझ्या भिंतीच्या बरगड्या."

लोकांना वाटतं टेक्श्चर म्हंजे गोधडी. खाली काय बी असू दे, वरून टाकली की झाकलं. तसं नसतं. सांधा नीट भरला नाय, घासला नाय, प्रायमर मारला नाय, तर कोरा कागद पाणी एका परीनं पितो, सांध्यातला मसाला दुसऱ्या परीनं पितो, आन वरचा रंग सगळं ओरडून सांगतो.

मी तिला म्हटलं, "माझ्याकडं पोरगा हाय. ढवळू."

"चाचा, बोलायला सगळेच बोलतात. तो पण लय गोड बोलायचा. मला तयार भिंत दाखवा. भाऊबीज झाली की बाजाराच्या दिवशी मी तिकडं येतेय, तेव्हा बघते. पसंत पडली तर सगळ्या खोल्या त्याच्या."

आता तयार भिंत आणायची कुठून? तर ती ढवळूच्या घरात उभीच होती.

त्याचं असं झालं. यांना घरकुल मिळालं. पक्कं घर, पण आत एकच लांब खोली. जुनं घर कुडाचं होतं. पुढं ओटी, आन मागं आतली खोली, तिथं कणगी, चूल, देवाची टोपली. आलेला माणूस ओटीवर. आत फक्त घरचं माणूस. भाऊबंद पण लग्नाकार्य असेल तरच. मी इतकी वर्षं गेलो, करांद्याचे कंद खाल्ले, काकड्या खाल्ल्या, पण ओटीवर बसून. मला कधी वाईट वाटलं नाय. माझ्या घरात पण कुणी उठून सरळ आत घुसलं तर माझी बायको लाटणं घेऊन येईल.

घरकुलात पंचाईत झाली. दारात उभं राहिलं की देव दिसतो, कणगी दिसते, सून जेवतेय ती दिसते. मी गेलो की पोशीबाय आधी धावत जाऊन टोपलीवर फडकं टाकायची, मंग म्हणायची, "बस, गुलामभाऊ." बसणार कुठं, सगळीकडं आतच. मी दारातल्या पायरीवर बसायचो, अर्धा उन्हात.

"पक्कां घर दिलां सरकारनं," ती म्हणायची, "पण घराला पोटच नाय ठेवलां."

म्हणून ढवळूनं नाशिकहून बोर्ड आणले आन मधी आडवी भिंत घातली. दाराकडची बाजू ओटी, पलीकडची आतली खोली. पोशीबायनं त्याच दिवशी टोपली उचलून भिंतीमागं ठेवली आन मला हाक मारून सांगितलं, "आता कसा नीट बस."

अकिलाचं बोलणं झालं तसा ढवळू ओटीकडच्या बाजूला लागला. सांधे भरले, कागदी टेप दाबली, सुकू दिलं, परत भरलं, परत सुकू दिलं, घासलं. मंग प्रायमर आन टेक्श्चर न्यायला जव्हारला माझ्याकडं आला. निघताना आईला एवढंच म्हणाला, "भिंतीला हात लावू नको. तिच्यावर टेक्श्चर द्यायचा हाय."

"तो कसा असतो?"

"खरबरीत. मातीसारखा. सारवल्यावानी दिसतो."

आन गाडीला किक मारून गेला. कशासाठी, कुणासाठी, काय पण सांगितलं नाय. का, तर काम नाय मिळालं तर आईला परत वाईट वाटायला नको. मोठा शहाणा.

दिवस होता वाघबारशीचा, दिवाळी तोंडावर. पाड्यातल्या सगळ्या बाया मिळून घरं सारवायला निघाल्या होत्या, एकीचं झालं की दुसरीचं. पोशीबायच्या घरात शिरल्या. समोर नवी भिंत, करड्या कागदावर पांढरे पट्टे, जनावराला खरूज झाल्यासारखी. सणाला अशी उघडी भिंत कोण ठेवतं? आन पोरानंच सांगितलंय, सारवल्यावानी करायची. पोशीबायनं हिशेब केला, पोरगा सारवल्यावानी दिसायला बादल्या विकत आणायला गेला, आन इथं सारवणाऱ्या एवढ्या बाया उभ्या!

आम्ही पोचलो तर दारात रामी उभी. शेजारची रामी, कोपरापर्यंत शेणानं भरलेली, आन तोंडभर हसू.

"ढवळ्या, तुझां काम हलकां केलां बघ. बादल्या देऊन ये परत."

ढवळू दारातच थांबला. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, शेण आन माती, बोटांच्या गोल गोल लाटा, एक नंबर सारवण. कुडाच्या भिंतीवर असतं तर मी पाया पडलो असतो. सारवण घट्ट बसावं म्हणून आधी पाणी पण मारलेलं. दोन हंडे.

ढवळू पुढं गेला आन भिंतीला अंगठा लावला. अंगठा आत गेला. पिकलेल्या पपईत जातो तसा.

"काय रं?" पोशीबाय म्हणाली. "कमी झालां का कुठं?"

माझ्या हातातली टेक्श्चरची बादली घेतली, खाली ठेवली, आन तिच्यावरच बसला. मंग फोन काढला.

"कोणाला लावतोस?" मी विचारलं.

"तुकाला. सांगतो, माझी जागा धर."

"इथं लागत नाय तुझा फोन. बस गप."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. रामीनं हात पाठीमागं घेतले, जसं काय शेण तिचं नव्हतंच. शेवटी वर्षा बोलली. ती बोलते कमी, पण बोलली की फोड करून बोलते.

"आत्या, ही भिंत घरासाठी नव्हती नुसती. जव्हारच्या बाईला दाखवायची होती. तिला पटली असती तर यांना तिकडं काम होतं. जगायला जायाला लागलं नसतं."

पोशीबाय भिंतीकडं बघत राहिली. हात अजून ओलेच होते. मंग ढवळूला म्हणाली, "मना का नाय सांगितलां?"

"काय सांगू. झालं असतं तर सांगितलं असतं."

"मंग मी कशाला सारवलां असतां?"

मी त्याला एक शिवी दिली, ती इथं सांगत नाय.

आता नवा बोर्ड आणायचा तर नाशिकला दिवाळीची सुट्टी, आन आणला तरी गाडीभाडं ढवळूच्या ऐपतीबाहेर. मी भिंतीपुढं उकिडवा बसलो. खालून कागद फुगून आला होता, पीठ ओघळत होतं. ही बाजू गेली म्हंजे गेली. पण माणूस सवयीनं भिंत वाजवून बघतो, तशी मी वाजवली, आन आवाज पोकळ आला. अन् डोक्यात उजेड पडला. मधी पोकळी हाय! चौकटीला दोन अंगानं बोर्ड, मधी वारा.

"ढवळ्या, पलीकडनं बघ. ओल गेलीय का?"

तो भिंतीमागं गेला. टक टक ऐकू आलं. खणखणीत.

"कोरडी हाय चाचा! खडखडीत!"

"मंग तीच बाजू करायची. बाजाराला अजून दिवस हायेत. तीच दाखवायची."

बोललो खरा, आन बोलता बोलताच जीभ चावली. कारण ती बाजू आतली. सगळे पोशीबायकडं बघायला लागले. तिच्या मनातली खोली नुकती तिला मिळाली होती. जुनं घर पडल्यापासून ती वाट बघत होती, आन आता तिथंच मी शिडी घेऊन शिरणार, वर परकी बाई येऊन बघणार.

ती बाहेर गेली. हंड्यातलं पाणी घेऊन हात धुतले, नखं पण धुतली. आत आली.

"कणगी विणणारा येतो तो आतच बसून विणतो," ती म्हणाली. "तो काय आपला भाऊबंद नाय. कामाचा हात आत येतो. गुलामभाऊ, चपला काढ."

"आन बघायला येणारी?" रामीनं विचारलं. तिला गप राहवत नाय.

"ती आली का अजून?" पोशीबाय म्हणाली.

मी आत गेलो. आत काय होतं ते मी सांगणार नाय. मला कामाला नेलं होतं, बघायला नाय. भिंतीचं तेवढं सांगतो.

भिंत कोरी होती. पहिलं काम स्क्रू. डोकं कागदाच्या जरासं खाली गेलं पाहिजे, पण कागद फाटता कामा नाय. अंगठा फिरवत गेलो, जिथं टोचलं तिथं ढवळूनं आवळलं. मंग सांधे. मसाला भरायचा, त्यावर कागदी टेप, पत्र्यानं दाबून खालची हवा काढायची. वरून मसाल्याचा एक हात. सुकला की त्याच्यापेक्षा रुंद हात. तो सुकला की आणखी रुंद, म्हंजे उंचवटा पसरत पसरत भिंतीत विरून जातो. याच्यात घाई चालत नाय. ओल्यावर ओलं चढवलं की आतून बसतं आन नंतर चीर देतं.

पण सुकायला हवा पाहिजे, आन तिथं चूल. धूर, वाफ, काजळी. मी नुसता चुलीकडं बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर पोशीबायची चूल अंगणात. ऐन दिवाळीत ती तीन दगडांवर भाकऱ्या थापत बसलेली.

रामी कुंपणावरून ओरडली, "पोशे, सुनेनं घराबाहेर काढली का?"

"तुझ्याकडं येत होते राहायला," पोशीबाय म्हणाली, "पण तुझां घर शेणानं घाण."

रामी हसून हसून कुंपणाला टेकली. त्यावरून मला कळलं की दोघींचं काय बिनसलं नाय.

घासायला लागलो तेव्हा मजा झाली. पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासायचं, मसाला घासायचा, कागद नाय. ढवळू घासत होता, मी टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका उजेड टाकत होतो. तिरक्या उजेडात भिंत खोटं बोलत नाय. पोशीबाय मागं उभी होती, अचानक पुढं झाली आन तळहात फिरवला.

"इथं गाठ हाय."

"नाय," मी म्हटलं.

"हाय."

टॉर्च खाली नेली. होती. मी घसा साफ केला.

"वर पण एक हाय," मी म्हटलं, "ती नाय कळली तुला."

"वर माझा हात पोचत नाय."

"मंग मान्य कर ना, नाय कळली."

"हात पोचला असता तर कळली असती!"

ढवळू पहिल्यांदा हसला त्या दिवशी. तोंडावर सगळं पांढरं पीठ, आन त्यात दात. वाघबारशीपासून त्याचे दात मला दिसले नव्हते.

धूळ पुसली, प्रायमर मारला, सुकला. टेक्श्चर अर्ध्या भिंतीलाच द्यायचा असं मी ठरवलं. ढवळू म्हणाला, "अर्धवट वाटंल."

"वाटू दे. त्या माणसानं तिला वरचं दाखवलं. आपण खालचं पण दाखवू."

सगळं झालं. एकच गोष्ट राहिली होती, ती कोण बोलत नव्हतं. पोशीबायनं मला आत घेतलं ते कामाला. अकिला काय काम करायला येणार नव्हती. मी वर्षाला विचारलं, वर्षानं खांदे उडवले. ढवळूला म्हटलं, "विचार ना आईला." तो म्हणाला, "एकदा नाय सांगितलं म्हणून भिंत गेली. आता विचारून ती बिथरली, चूल परत आत गेली तर?" पोरगा घाबरला होता. मी पण.

बाजाराचा दिवस उजाडला. मी सकाळीच पाड्यावर हजर. खाली रस्त्याला तुकाचा टेम्पो येऊन लागला होता. माणसं गाठोडी टाकत होती, एकानं कोंबडी पण घेतली होती. ढवळूची पिशवी भरलेली, दाराशी ठेवलेली. त्यानं भरली होती. वर्षानं तिच्याकडं पाठ केली होती.

अकिला रिक्षातून उतरली. चढ चढून आली, धापा टाकत. "चाचा, कुठं आणलंत मला," म्हणत ओटीवर आली, आन तिला दिसली ती भिंत. ती, सारवलेली. तोपर्यंत ती वाळून तडकली होती. पापुद्रे सुटले होते, फुगलेला कागद लोंबत होता.

"चाचा," ती हळू म्हणाली, "हीच का?"

ढवळू जमिनीकडं बघतोय. आत चला म्हणायला ते माझं घर नव्हतं. खाली तुकानं हॉर्न दिला.

पोशीबाय भिंतीमागनं बाहेर आली. अकिलाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ही मी केली," ती म्हणाली. "मना कोणी सांगितलां नव्हतां. पोराची भिंत पलीकडं हाय."

अकिलानं लोंबणाऱ्या कागदाला बोट लावून बघितलं.

"बाय, तुझ्या खोलीत सकाळचां ऊन येतां?"

"येतं आजी. त्याचाच तर त्रास हाय."

"आमच्या आत ऊन येत नाय. आन उन्हाबिगर तुला कळायचां नाय." पोशीबायनं मागं वळून एकदा आत बघितलं. "चपला काढ. मी दिवा धरते."

आन तिनं अकिलाचा हात धरून तिला आत नेली.

देवापुढची पणती तिनं उचलली. मी आत जायच्या वाटेपाशीच थांबलो, ढवळू माझ्या मागं. पोशीबायनं पणती भिंतीला अगदी टेकवली, आडोशाला हात धरला आन कडेकडेनं चालायला लागली, सावकाश. उजेड भिंतीवरून सरकत गेला. अर्ध्या भिंतीवर टेक्श्चरची बारीक बारीक सावली, एकसारखी. कुठं बरगडी नाय. मंग उरलेल्या अर्ध्या भिंतीवर उजेड आला, ती नुसती पांढरी, सपाट. सांधा कुठं हाय ते मला पण आठवावं लागलं.

अकिला वाकून बघत होती. तिनं हात फिरवला. "ही अर्धी का ठेवली?"

"खालचं दिसावं म्हणून," ढवळू मागून म्हणाला. मंग पुढं आला. पणती खालच्या कोपऱ्यात गेली होती. "तिथं एक राहिलंय. बघा. दिव्याला दिसतंय, काल टॉर्चला दिसलं नाय. घासून परत भरीन."

मी मनात कपाळ बडवलं. तिला दिसलं नव्हतं, गाढवा! स्वतःच्या तोंडानं कशाला?

अकिला खाली बसली, डोळे बारीक करून बघितलं. "हो. आहे जरासं." परत उठली. खालून तुकाचा हॉर्न, या वेळी लांबलचक.

"त्या पहिल्या माणसाला मी विचारलं होतं, हे काय दिसतंय," ती म्हणाली. "तो म्हणाला, मॅडम, तुमच्या नजरेचा दोष." ढवळूकडं वळली. "सगळ्या खोल्या आत्ता देत नाय. आधी ती बरगड्यांची खोली नीट करा. सगळं खरवडून, खालून. सकाळच्या उन्हात मी बघेन. नीट झाली की बाकीच्या तुमच्याच."

"उन्हात काय, दिव्यात पण बरगडी दिसायची नाय," ढवळू म्हणाला. एवढं मोठं वाक्य बोलून लाजला.

"कधी येता?"

"आज," तो म्हणाला, आन मंग एकदम आठवून बाहेर धावला. हातात पुट्टीचा पत्रा तसाच.

आम्ही सगळे ओटीवर आलो. खाली टेम्पोपाशी ढवळू आन तुका दिसत होते, बोलणं वर ऐकू येत होतं.

"पिशवी कुठंय रं?"

"नाय येत मी."

"काय? सगळा माल भरून उभा हाय आन आता सांगतोस?"

"जव्हारला काम लागलं. शिरपामाळला."

"किती दिवसाचं? एक खोली? मंग काय करशील, दगड मोजशील?" तुका माणूस वाईट नाय, पण जिभेला काटे. "जाऊ दे. पुढच्या खेपेला येतो, तुझी जागा ठेवतो."

ढवळू घुटमळला. खरं म्हंजे ठेवायला सांगायला पायजेल होतं, एका खोलीचा काय भरवसा. पण वर्षा ओटीच्या कडेला गेली आन असली ओरडली, असली ओरडली, की टेम्पोतली कोंबडी पण फडफडली.

"नको ठेवू!"

टेम्पोतली माणसं हसली. तुकानं हात जोडले, वर बघून, आन टेम्पो सुरू केला. वर्षानं दाराशी ठेवलेली पिशवी उचलली, तिथंच उलटी केली, कपडे काढले, आन ती रिकामी पिशवी घेऊन योगिताला शाळेतून आणायला म्हणून निघाली. दिवाळीची सुट्टी कालच संपली होती, पण शाळा सुटायला अजून लय वेळ होता. आन पिशवी कशाला, ते पण तिलाच ठाऊक.

अकिला बाजाराला गेली. ढवळू पत्रे, पेपर, बादल्या गोळा करायला लागला. पोशीबायनं पणती परत जागेवर ठेवली, चूल आत नेली, चहा टाकला. भिंतीमागून हाक आली.

"गुलामभाऊ, आत येऊन पी."

मी पायातल्या चपलांकडं बघितलं. मंग म्हटलं, "नको बाई. आत उकडतं. मला ओटीवरच बरं."

"मंग बस तिथंच," ती म्हणाली, आन कप बाहेर आला.

ती पण ओटीवर येऊन बसली. दोघं चहा पीत समोरच्या तडकलेल्या भिंतीकडं बघत होतो. एक पापुद्रा सुटून खाली पडला.

"ही बाजू कधी?" तिनं विचारलं.

"नवा बोर्ड आणल्यावर. ढवळूचे पैसे सुटले की."

"तवर अशीच?"

"अशीच."

अंगणाच्या कोपऱ्यात गाईनं नुकतंच शेण टाकलं होतं, ताजं, गरम. तिची नजर तिकडं गेली.

"पोशीबाय!"

"बघते नुसती," ती म्हणाली.